घोडें कोणाचें?

राजांच्या वंशावळींना, तहांना आणि लढायांना दप्तरें असतात. राबणाऱ्या माणसांच्या इतिहासाला बहुधा शब्दांखेरीज दुसरें दप्तर नसतें. परभणी जिल्ह्यासारख्या प्रदेशाविषयीं हें अधिकच खरें आहे. गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या कांठचा हा काळ्या मातीचा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं तो द्वैभाषिक मुंबई राज्यांत आला आणि १९६० पासून महाराष्ट्रांत आहे. येथील माणूस घरीं मराठी बोले, कचेरींत त्याला उर्दूशीं गांठ घालावी लागे, आणि तेलुगू व कानडी शब्द बाजाराच्या वाटेनें आपणहून येत. कामधंद्याचे शब्द येथें अशा चार वाटांनीं जमा झाले, आणि त्यांपैकीं प्रत्येकानें आपल्याबरोबर एक व्यवस्था आणली.

आज या सर्वांवर एकच नवा शब्द पांघरूण घालीत आहे. तो शब्द म्हणजे 'स्वयंरोजगार'. वकील, चहाचा गाडा लावणारा, शिलाईयंत्र घेऊन ओसरीवर बसलेली विधवा आणि पांच एकरांचा कास्तकार हे सारे सरकारी पाहणींत एकाच सदरांत बसतात. एवढेंच नव्हे, तर घरच्या शेतांत किंवा दुकानांत बिनपगारी राबणारी सून हीदेखील त्याच सदरांत मोजली जाते. जिच्या हातीं 'स्वयं' म्हणण्यासारखें कांहींच नाहीं आणि रोजगार म्हणण्यासारखें नाणेंही पडत नाहीं, तिला हा शब्द कसा लागू पडतो, हा प्रश्न व्याकरणाचा नसून न्यायाचा आहे. त्याचें उत्तर शोधावयाचें तर आमच्या जुन्या शब्दांनीं स्वतंत्र माणूस कसा ओळखला होता, हें आधीं पाहिलें पाहिजे.

प्रथम फौजेकडे वळूं. कारण आपलें कसब दुसऱ्याच्या पदरीं नेऊन पोट भरण्याची जुनी वाट शेतकऱ्याच्या मुलाला फौजेचीच होती. मराठी फौजेंत स्वारांचे दोन वर्ग असत. ज्याचें घोडें आणि हत्यार स्वतःचें तो शिलेदार. ज्याला घोडें सरकारच्या पागेंतून मिळे तो बारगीर. दोघेही तोच पल्ला मारीत, तीच तरवार चालवीत. पण समाज त्यांना दोन नांवांनीं ओळखे, आणि भेद एकाच प्रश्नावर ठरे: घोडें कोणाचें? यावरून शिलेदार सर्व प्रकारें वरचढ होता असें मात्र समजूं नये. शिवाजी महाराजांनीं पागेलाच अधिक महत्त्व दिलें. कारण पागेचा स्वार सरकारच्या हुकमतींत राही, शिलेदार आपल्या घोड्याच्या जिवाला जपे. शिलेदाराचें घोडें मेलें कीं त्याची नोकरीही मेली. बारगिराला पाग दुसरें घोडें देई.

ही व्यवस्था पेशवाईबरोबर बुडाली नाहीं. निजामाच्या मुलखांत इंग्रजांनीं हैदराबाद कंटिंजंट म्हणून जी फौज ठेविली होती, तिचें एक ठाणें हिंगोलीस होतें. हिंगोली १९९९ सालीं वेगळा जिल्हा होईपर्यंत परभणी जिल्ह्यांतच मोडे. या फौजेचे रिसाले शिलेदारी पद्धतीचे होते. रिसाल्यांत एका स्वाराची जी जागा असे तिला 'असामी' म्हणत. ज्याच्या अनेक असाम्या असत तो त्यांवर आपले बारगीर बसवी. मूळ अरबींत 'इस्म' म्हणजे नांव आणि 'असामी' म्हणजे नांवें. 'एक इसम' आणि 'बडी असामी' असें आपण आज सहज म्हणतों, तेव्हां माणसाला त्याच्या यादींतील नांवानेंच ओळखीत असतों. परंतु या रिसाल्यांविषयीं आमच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाची गोष्ट दुसरीच आहे. अशा रिसाल्यांत 'चंदा' नांवाचा एक सामाईक निधि असे. प्रत्येक स्वार त्यांत वर्गणी भरी आणि कोणाचें घोडें मेलें तर त्यांतून नवें घेतां येई. म्हणजे जो स्वतःच्या घोड्यावर स्वार होता, त्याचें स्वातंत्र्यही एकट्याच्या बळावर उभें नव्हतें. हिंगोलीची छावणी १९०३ सालीं उठली. शिलेदारी पद्धति पहिल्या महायुद्धानंतर सबंध हिंदी लष्करांतून गेली. चंद्याची ही कल्पना वाचकांनीं लक्षांत ठेवावी.

इंग्रजी भाषेंतही योगायोगानें हीच कथा आहे. आज घरीं बसून लेखन, चित्रें किंवा संगणकाचें काम करणारे तरुण स्वतःला 'फ्रीलान्सर' म्हणवितात. तो शब्द वॉल्टर स्कॉटच्या 'आयव्हॅन्हो' (१८१९) या कादंबरीनें प्रचारांत आणला. त्याचा सरळ अर्थ 'मोकळा भाला', म्हणजे कोणा एका सरदाराशीं बांधलेला नसलेला भाडोत्री स्वार. आमच्या भाषेंत त्याला शिलेदाराहून जवळचा शब्द नाहीं.

'नोकर' या शब्दाची गति याच्या उलट झाली. मूळ मंगोल भाषेंत त्याचा अर्थ सोबती, सरदाराचा साथीदार. फारसीच्या द्वारें तो हिंदुस्थानांत आला, तेव्हांही नोकरी म्हणजे मुख्यतः फौजेंतील मानाची चाकरी होती. पुढें तोच शब्द घरांतील भांडीं घासणाऱ्या गड्यालाही लागला आणि सोबत्याचा सेवक झाला. उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी ही म्हण आमच्या वाडवडिलांनीं वारंवार ऐकविली. परंतु मुलीचें लग्न ठरवितांना तिचा क्रम नेमका उलटा लागतो, हें कोणत्याही सुशिक्षित कुटुंबास सांगावयास नको. याला लोभ म्हणून हंसण्याचें कारण नाहीं. नोकरींत महिन्याचा पगार, आजारपणाची रजा आणि म्हातारपणाची तजवीज आहे. म्हणजे मेलेल्या घोड्याच्या जागीं दुसरें देणारी पाग आहे. लोक धन्याला नव्हे, त्या पागेला किंमत देतात.

आतां गांवाकडे पाहूं. सुतार, लोहार, कुंभार, चांभार यांचीं हत्यारें ज्याचीं त्याचीं असत. शिलेदाराची कसोटी येथें लावली तर हे सर्व स्वतंत्र कारागीर ठरतील. प्रत्यक्षांत ते बलुतेदार होते. त्यांचें काम साऱ्या गांवाचें असे आणि त्याचा मोबदला दर कामागणिक न मिळतां सुगीच्या वेळीं खळ्यावर धान्याच्या रूपानें मिळे. त्या वांट्याला 'हक्क' म्हणत, आणि तो खरोखर हक्क होता. दुसऱ्या सुताराला गांवांत येऊन धंदा मांडतां येत नसे. पण जातीनें जें काम नेमलें तें सोडण्याची मोकळीक त्यालाही नसे. 'वतन' या शब्दांत ही दुहेरी गांठ उत्तम दिसते. अरबींत वतन म्हणजे जन्मभूमि. मराठींत त्याचा अर्थ झाला पिढीजात काम आणि त्याबद्दलचें उत्पन्न. ज्याला आपण घर म्हणावें तेंच येथें खुंटा झालें. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं 'गांवगाडा' (१९१५) या ग्रंथांत या रचनेचें वर्णन केलें आहे. पुढें १९२८ सालीं डॉ. आंबेडकरांनीं मुंबईच्या विधिमंडळांत महार वतनासंबंधीं विधेयक मांडलें, तेव्हां वतन हा मान नसून दास्य आहे हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. हत्यार स्वतःचें असूनही माणूस बांधलेला असूं शकतो, ही गोष्ट बलुत्यानें शिकविली.

मराठवाड्याच्या शेतींतील शब्द याच्याही पुढें जातात. सालगडी पाडव्याला ठरतो. त्याचें एक वर्ष मालकाला विकलेलें असतें, आणि त्या विक्रीलाच 'साल' म्हणतात. जो गडी साल न घालतां कामाचा तुकडा ठरवून अंगावर घेतो, तो 'गुत्त्यानें' काम करतो. हा शब्द कानडी 'गुत्तिगे' आणि तेलुगू 'गुत्त' यांच्या कुळांतला आहे. म्हणूनच पुण्याकडे ज्याला ठेकेदार किंवा कंत्राटदार म्हणतात, तो परभणीस गुत्तेदार असतो. गुत्त्याच्या गड्याचा दिवस त्याच्या हातीं असतो, सालगड्याचा नसतो. म्हणून गुत्तें घेणारा सालगड्यापेक्षां स्वतःला मोकळा समजतो, आणि तें बरोबरही आहे. मात्र पाऊस लांबला तर सालगडी उपाशी राहत नाहीं, गुत्त्याचा गडी राहतो.

या सर्वांत बोलका शब्द 'कोयता' होय. गंगाखेडच्या डोंगरपट्ट्यांतून दिवाळीनंतर जीं कुटुंबें ऊस तोडण्यासाठीं पश्चिम महाराष्ट्रांत आणि कर्नाटकांत जातात, त्यांत नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. एकटें माणूस असल्यास तो अर्धा कोयता. कोयता त्यांचा, कष्ट त्यांचे, मजुरी टनावर. वरवर पाहतां हा गुत्त्याचा व्यवहार आहे. परंतु हंगामापूर्वींच मुकादमाकडून 'उचल' घेतलेली असते आणि ती फिटली नाहीं तर पुढच्या हंगामावर चढते. म्हणजे हत्यार आपलें आणि हंगाम दुसऱ्याचा. शिवाय ज्या व्यवहारांत बायकोचे श्रम अखेर मोजले गेले, त्यांतही ती अर्धें हत्यार म्हणून मोजली गेली, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

येथवर आलेल्या शब्दांवरून तीन प्रश्न सहज निघतात. हत्यार कोणाचें? भाव कोण ठरवितो? आणि पुढच्या वर्षावर कोणाची उचल आहे? यांतील एकाच प्रश्नाचें उत्तर अनुकूल आलें म्हणून माणूस स्वतंत्र ठरत नाहीं. आणि तिन्ही उत्तरें अनुकूल आलीं, तरी एक चौथा प्रश्न उरतो: घोडें मेलें तर काय?

हा चौथा प्रश्न विचारण्याचे अलीकडच्या काळांत जे प्रयत्न झाले, त्यांत दोन विशेष आहेत. बाजारांतील हमालाला नेमका असा धनी नसतो; आज तो एका आडत्याचा माल उचलतो, उद्यां दुसऱ्याचा. महाराष्ट्रानें १९६९ सालीं माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठीं कायदा केला आणि धन्याच्या जागीं मंडळ उभें केलें. व्यापाऱ्यांनीं मजुरी व वर्गणी मंडळाकडे भरावी आणि त्यांतून हमालाची पुढची तजवीज व्हावी, अशी ती योजना आहे. दुसरा प्रयत्न अहमदाबादचा. इला भट्ट यांनीं १९७२ सालीं डोक्यावर ओझीं वाहणाऱ्या, भाजी विकणाऱ्या आणि घरीं बसून शिवणकाम करणाऱ्या बायकांची 'सेवा' ही संघटना नोंदवावयास नेली, तेव्हां यांना मालकच नाहीं, तर संघटना लढणार कोणाशीं, अशी अडचण नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्यानें काढली. संघटना मालकाविरुद्धच असते असें नाहीं, ती एकमेकींसाठींही असते, हें उत्तर अखेर मान्य झालें. 'स्वयंरोजगारी' हा शब्द त्या बायकांनीं मानासाठीं घेतला, कारण त्यापूर्वीं त्यांना 'असंघटित' या नकारी शब्दानें ओळखीत. शब्द तोच, पण येथें त्याच्या मागें चंदा होता.

आतां शहरांत आणि जिल्ह्याच्या ठिकाणींही मोटारसायकलवर जेवणाचे डबे व सामान पोंचविणारा तरुण दिसतो. कंपनी त्याला 'पार्टनर' म्हणते. गाडी त्याची, पेट्रोल त्याचें, पडला तर हाड त्याचें. भाव मात्र दूर कोठेंतरी ठरतो आणि न विचारतां बदलतो. जुन्या मराठींत याला शिलेदार म्हणावें तर तो आपली शर्त घालूं शकत नाहीं, आणि बारगीर म्हणावें तर पाग त्याला घोडें देत नाहीं. दोन्हींतील तोटा तेवढा त्याच्या वांट्यास आला आहे. केंद्र सरकारच्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनें अशा कामगारांची प्रथमच व्याख्या केली आणि कंपन्यांच्या उलाढालींतून एक ते दोन टक्के वर्गणी त्यांच्यासाठीं घेण्याची तरतूद केली. ती संहिता नोव्हेंबर २०२५ मध्यें अमलांत आली. हिंगोलीच्या स्वारांना जें ठाऊक होतें, तें कायद्याला पुन्हा आठवूं लागलें आहे, असें आम्ही समजतों.

परंतु सर्व भार कायद्यावर टाकून आम्हां सुशिक्षितांस मोकळें होतां येणार नाहीं. आमच्यांतील पुष्कळांच्या घरीं जी बाई कामाला येते, ती आणखी तीन घरीं जाते. तिला एक धनी नाहीं, म्हणून ती नोकर नव्हे; तिचा भाव ती ठरवीत नाहीं, म्हणून ती स्वतंत्रही नव्हे. ती आजारी पडली तर चारही घरें दुसरी बाई शोधतात, आणि त्यांतील प्रत्येक घर स्वतःला निर्दोष समजतें. तिला 'मोलकरीण' न म्हणतां 'मावशी' म्हणण्याची चाल आतां पडली आहे. नांव गोड झालें, हें चांगलेंच. पण तिच्या आजारपणाचा महिना या चार घरांनीं वांटून घेतला, तर त्या नांवाला अर्थ येईल.