युद्धछायेतील भयपट : जेम्स व्हेल यांच्या चित्रपटांचे ऐतिहासिक मूल्यमापन

बीजशब्द : भयपट, अद्भुतपट, पहिले महायुद्ध, युद्धस्मृती, युनिव्हर्सल स्टुडिओ, चित्रपट-साधन

प्रस्तावना :

इतिहासलेखनाची साधने म्हणून कागदपत्रे, शिलालेख, नाणी, पत्रव्यवहार यांना आपण जे स्थान देतो ते चित्रपटाला सहजासहजी देत नाही. मार्क फेरो या फ्रेंच इतिहासकाराने १९७७ सालच्या आपल्या ग्रंथात चित्रपटाकडे ऐतिहासिक साधन म्हणून पाहण्याचा आग्रह धरला. त्यापूर्वी १९४७ मध्ये सिगफ्रीड क्राकाउअर यांनी जर्मन चित्रपटांतून तेथील समाजमनाचा मागोवा घेतला होता. असे असले तरी भयपट आणि अद्भुतपट यांच्याकडे गांभीर्याने पाहण्यास अभ्यासक बराच काळ कचरत होते. 'भुताखेतांचे चित्रपट' एवढ्या शब्दांत हा सारा प्रकार निकालात काढला जातो. या समजाची तपासणी करण्यासाठी प्रस्तुत लेखात ब्रिटिश दिग्दर्शक जेम्स व्हेल (१८८९-१९५७) यांच्या चित्रपटांचा विचार केला आहे. 'फ्रँकेन्स्टाइन' (१९३१), 'द ओल्ड डार्क हाउस' (१९३२), 'द इन्व्हिजिबल मॅन' (१९३३) आणि 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन' (१९३५) हे त्यांचे चार चित्रपट या प्रकारात मूलभूत मानले जातात. तथापि, त्यांचे श्रेय व्हेल यांना किती द्यावे आणि या चित्रपटांना कलाकृती म्हणून किती मोल द्यावे, याविषयी मतभेद आहेत.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) व्हेल यांच्या भयपटांवरील प्रमुख आक्षेपांची छाननी करणे.
२) पहिल्या महायुद्धाचा अनुभव आणि हे चित्रपट यांच्यातील संबंध कोठपर्यंत सिद्ध करता येतो, हे पाहणे.
३) भयपटाचे ऐतिहासिक साधन म्हणून असलेले मूल्य निश्चित करणे.

पार्श्वभूमी :

व्हेल यांचा जन्म इंग्लंडमधील डडली या औद्योगिक गावी एका कामगार कुटुंबात झाला. मोठ्या कुटुंबात शिक्षण लवकर सुटले. तरुणपणी हातकामाची नोकरी करीत त्यांनी संध्याकाळच्या वर्गांत चित्रकलेचे शिक्षण घेतले. महायुद्धात ते वूस्टरशायर रेजिमेंटमध्ये अधिकारी झाले. १९१७ साली फ्लँडर्सच्या आघाडीवर ते जर्मनांच्या हाती सापडले आणि होल्झमिंडेन येथील युद्धकैद्यांच्या छावणीत त्यांची रवानगी झाली. या छावणीत कैद्यांनी उभ्या केलेल्या नाट्यप्रयोगांतून त्यांच्या रंगभूमीवरील कारकिर्दीचा पाया घातला गेला.

डिसेंबर १९२८ मध्ये आर. सी. शेरिफ यांचे 'जर्नीज एंड' हे खंदकातील जीवनावरील नाटक व्हेल यांनी लंडनमध्ये दिग्दर्शित केले. पहिल्या प्रयोगांत लॉरेन्स ऑलिव्हिए यांची प्रमुख भूमिका होती. जानेवारी १९२९ पासून सॅव्हॉय थिएटरमध्ये त्याचे नियमित प्रयोग सुरू झाले, तेव्हा ती भूमिका कॉलिन क्लाइव्ह यांच्याकडे आली. या यशामुळे व्हेल अमेरिकेत गेले आणि १९३० मध्ये त्याच नाटकावरील चित्रपट त्यांनी केला. पुढील वर्षीचा 'वॉटर्लू ब्रिज' हाही युद्धकाळातीलच होता. सारांश, 'फ्रँकेन्स्टाइन'पूर्वी व्हेल यांची ओळख युद्धविषयक कलाकृतींचे दिग्दर्शक अशीच होती.

प्रमुख आक्षेप :

पहिला आक्षेप श्रेयाचा आहे. 'फ्रँकेन्स्टाइन'ची आखणी प्रारंभी रॉबर्ट फ्लोरे यांच्याकडे होती आणि राक्षसाच्या भूमिकेसाठी बेला लुगोसी यांचा विचार झाला होता. कथेला मेरी शेली यांच्या १८१८ सालच्या कादंबरीबरोबरच पेगी वेब्लिंग यांच्या नाटकाचाही आधार होता. राक्षसाचा जगप्रसिद्ध चेहरा रंगभूषाकार जॅक पिअर्स यांचा, प्रयोगशाळेतील विजेची यंत्रे केनेथ स्ट्रिकफाडेन यांची, नेपथ्य चार्ल्स हॉल यांचे, तर राक्षसाची करुणा बोरिस कार्लॉफ यांच्या अभिनयातील. 'द कॅबिनेट ऑफ डॉ. कॅलिगरी' (१९२०) यांसारख्या जर्मन चित्रपटांचे ऋणही उघड आहे. मग दिग्दर्शकाचे असे काय उरते, असा हा प्रश्न आहे.

दुसरा आक्षेप गांभीर्याचा आहे. अमेरिकन समीक्षक अँड्र्यू सॅरिस यांनी १९६८ साली दिग्दर्शकांची जी श्रेणीवार मांडणी केली, तीत व्हेल यांना सौम्यपणे आवडण्याजोग्या दिग्दर्शकांच्या गटात ठेवले. भीतीच्या ऐन क्षणी विनोद पेरण्याची आणि प्रसंग रंगमंचावरील प्रवेशाप्रमाणे सजवण्याची व्हेल यांची सवय यामागे असावी.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. मेरी शेली यांचा प्राणी बोलतो, वाचतो, युक्तिवाद करतो. निर्मात्याने नाकारल्यामुळे तो क्रूर बनतो. चित्रपटात मात्र त्याला मुका केले आहे आणि त्याच्या डोक्यात चुकून एका गुन्हेगाराचा मेंदू बसतो. त्यामुळे दुष्टपणा जन्मजात असल्याचे सूचित होऊन मूळ कृतीचा नैतिक आशयच उलटा होतो.

आक्षेपांची छाननी :

पहिल्या आक्षेपातील तपशील खरे आहेत, परंतु त्यांवरून काढलेला निष्कर्ष खरा नाही. सामुदायिक कलेत दिग्दर्शकाचे काम प्रसंगांची मांडणी आणि स्वर ठरवण्याचे असते. राक्षसाचे पहिले दर्शन पाहावे. तो दारातून पाठमोरा आत येतो, सावकाश वळतो आणि मग कॅमेरा एकापाठोपाठ एक अशा तुटक झेपांनी त्याच्या चेहऱ्याच्या अधिकाधिक जवळ जातो. रंगभूषा पिअर्स यांची असली तरी ती प्रेक्षकांना केव्हा आणि कशी दिसावी हा निर्णय दिग्दर्शनाचा आहे. त्यानंतर लगेच छताची झडप उघडते आणि राक्षस प्रकाशाकडे हात उंचावतो. झडप बंद होते, तरी त्याचे हात तसेच पसरलेले राहतात. भयाचे करुणेत रूपांतर होण्यास येथे काही क्षण पुरतात.

दुसऱ्या आक्षेपाला उत्तर 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन'मध्ये मिळते. या चित्रपटात विनोद आहेच. अर्नेस्ट थेसिजर यांचा डॉ. प्रिटोरियस हा तर विनोद आणि क्रौर्य यांचे मिश्रण आहे. परंतु याच चित्रपटात आंधळ्या साधूच्या झोपडीचा प्रसंग येतो. ज्याला डोळे नाहीत तोच राक्षसाला माणूस म्हणून स्वीकारतो, भाकरी देतो, व्हायोलिन ऐकवतो, शब्द शिकवतो. डोळस माणसे आत येताच हे घर उद्ध्वस्त होते. विनोदाच्या शेजारी ठेवल्यामुळे हा प्रसंग अधिक बोचतो. तेव्हा विनोदाला गांभीर्याचा अभाव समजणे योग्य ठरत नाही.

तिसरा आक्षेप मात्र पूर्णपणे खोडून काढता येत नाही. मेंदूची अदलाबदल हा पटकथेतील दोषच होय. मात्र चित्रपटातील दृश्ये या दोषाच्या विरोधात साक्ष देतात. राक्षस हिंसक होतो तो मशाल आणि चाबूक यांनी छळल्यानंतर. तळ्याकाठी मारिया नावाची मुलगी त्याला फुले पाण्यावर तरंगवण्यास शिकवते. फुले संपल्यावर ती मुलगीही तरंगेल अशा भाबड्या समजुतीने तो तिला पाण्यात टाकतो आणि ती बुडताच भेदरून पळतो. या प्रसंगाचा शेवट पुढे सेन्सॉरच्या कात्रीत सापडला. पुनर्प्रदर्शनाच्या प्रतींत राक्षस मुलीकडे हात नेतो तेथेच दृश्य तुटत असे. नंतर एकदम पित्याच्या हातातील तिचे प्रेत दिसे. परिणामी प्रेक्षकांनी प्रत्यक्षापेक्षा अधिक भीषण कल्पना केली आणि अजाण कृत्याला विकृत गुन्ह्याचे रूप आले. हा भाग १९८० च्या दशकात पुन्हा जोडण्यात आला. राक्षसाला 'जन्मजात दुष्ट' ठरवणारे अनेक जुने अभिप्राय कापलेल्या प्रतीवर आधारलेले होते, हे लक्षात घेतले पाहिजे. साधनाची कोणती प्रत आपण वाचतो आहोत, हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याला नवा नाही.

युद्धस्मृती आणि तिच्या मर्यादा :

डेव्हिड स्काल यांनी १९९३ मध्ये, तर स्कॉट पूल यांनी २०१८ मध्ये आधुनिक भयपटाचा संबंध पहिल्या महायुद्धातील छिन्नविच्छिन्न देहांशी जोडला. प्रेतांच्या तुकड्यांतून शिवलेला देह युद्धानंतरच्या प्रेक्षकांना सर्वस्वी अनोळखी नव्हता, असा हा विचार आहे. याला पूरक असे काही पुरावे आहेत. 'फ्रँकेन्स्टाइन'चे छायाचित्रकार आर्थर एडसन यांनीच आदल्या वर्षी 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' (१९३०) हा युद्धपट चित्रित केला होता. खंदकातील कॅप्टनची भूमिका केलेले क्लाइव्ह येथे शास्त्रज्ञ झाले. 'द इन्व्हिजिबल मॅन'ची पटकथा शेरिफ यांची होती आणि पट्ट्यांनी चेहरा झाकलेल्या नायकाची भूमिका करणारे क्लॉड रेन्स स्वतः महायुद्धात विषारी वायूच्या हल्ल्यात जखमी झाले होते.

तथापि, येथे सावधगिरी आवश्यक आहे. युद्धपटांखेरीज काही वेगळे करावे या इच्छेने व्हेल यांनी 'फ्रँकेन्स्टाइन' स्वीकारला, असे त्यांचे चरित्र सांगते. त्यामुळे त्यांनी हेतुपुरस्सर युद्धाचे रूपक रचले, असे म्हणण्यास आधार नाही. हीच मर्यादा दुसऱ्या एका अन्वयार्थालाही लागू पडते. व्हेल समलिंगी होते आणि ही गोष्ट ते फारशी लपवीत नसत. व्हिटो रुसो यांनी १९८१ मध्ये बहिष्कृत राक्षसाचे नाते त्यांच्या या जीवनाशी जोडले. चरित्रकार जेम्स कर्टिस यांच्याशी बोलताना व्हेल यांचे दीर्घकाळचे जोडीदार डेव्हिड लुईस यांनी मात्र असा संबंध नाकारला. यावरून दिसते की, कृतीत आढळणारा अर्थ आणि कर्त्याचा हेतू या दोन गोष्टी वेगळ्या ठेवून तपासल्या पाहिजेत. हेतू सिद्ध न झाल्याने अर्थ रद्द होत नाही. फक्त तो कर्त्याच्या नावावर लावता येत नाही.

व्हेल यांनी युद्धाकडे उघडपणे परतण्याचा प्रयत्न केला तो 'द रोड बॅक' (१९३७) या रेमार्क यांच्या कादंबरीवरील चित्रपटात. लॉस एंजेलिस येथील जर्मन वाणिज्यदूत गेऑर्ग गिसलिंग यांनी त्याविरुद्ध दबाव आणला आणि कलावंतांनाही इशारेवजा पत्रे पाठवली. युनिव्हर्सलच्या नव्या व्यवस्थापनाने नमते घेऊन चित्रपटात काटछाट केली व दुसऱ्या दिग्दर्शकाकडून काही भाग पुन्हा चित्रित करून घेतला. यानंतर व्हेल यांची कारकीर्द उतरणीस लागली आणि १९४१ नंतर ते चित्रपटसृष्टीपासून जवळजवळ दूर झाले. युद्धाचे सत्य थेट सांगणारा चित्रपट मोडला गेला, तर 'निव्वळ करमणूक' समजले गेलेले भयपट टिकून राहिले, ही बाब विचार करण्याजोगी आहे.

निष्कर्ष :

१) व्हेल यांचे भयपट सामुदायिक निर्मिती असले तरी त्यांतील मांडणी, स्वर आणि करुणेचा दृष्टिकोन यांचे श्रेय प्रामुख्याने दिग्दर्शकाकडे जाते.
२) विनोद आणि भय यांचे मिश्रण हा त्यांचा दोष नसून वैशिष्ट्य आहे. मेंदूच्या अदलाबदलीचा पटकथेतील दोष मात्र मान्य करावा लागतो.
३) महायुद्धाशी असलेला संबंध परिस्थितिजन्य पुराव्यांनी संभवनीय ठरतो, हेतू म्हणून तो सिद्ध होत नाही.
४) भयपटाचा साधन म्हणून वापर करताना प्रत, काटछाट आणि निर्मितीची परिस्थिती यांची चिकित्सा अन्य साधनांइतकीच काटेकोरपणे करणे आवश्यक आहे.

'द ओल्ड डार्क हाउस' हा चित्रपट हरवला असे बराच काळ मानले जात होते. दिग्दर्शक कर्टिस हॅरिंग्टन यांच्या प्रयत्नांनी १९६८ साली तो सापडला. 'फ्रँकेन्स्टाइन' व 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन' यांचा समावेश अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत अनुक्रमे १९९१ आणि १९९८ साली झाला. ज्या वस्तूला समाज कमी लेखतो ती जपलीही जात नाही आणि जी जपली जात नाही तिचा इतिहास लिहिता येत नाही. म्हणून कोणते साधन 'गंभीर' आणि कोणते 'क्षुल्लक' हे आधीच ठरवून टाकण्याचा मोह इतिहासाच्या अध्यापकाने तरी टाळावा, एवढेच या मूल्यमापनाच्या अखेरीस नमूद करावेसे वाटते.