परकी वाद्ये, स्वतःचे गाणे

वर्धा परिसरातील माणसाला गाण्याचे सामर्थ्य निराळे समजावून सांगावे लागत नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची (१९०९–१९६८) खंजिरी या भागाने ऐकली आहे. महाराज स्वतः रचलेली भजने गात. लोकांना सांगावयाचे ते आपल्याच शब्दांत सांगत. हे ध्यानात ठेवून आम्ही आज एका अगदी वेगळ्या मंडळीची हकीकत पाहणार आहोत. तिची वाद्ये विजेची, भाषा इंग्रजी आणि गाव मुंबई. प्रश्न मात्र तोच आहे : गाणारा स्वतःचे गातो की दुसऱ्याचे?

परकी वाद्ये म्हणून कोणी नाक मुरडील, तर त्याने पेटीचा इतिहास आठवावा. हार्मोनियम युरोपातून आली. तिच्यातून आपली श्रुती निघत नाही, या आक्षेपावरून १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिला दार बंद केले. ती बंदी अनेक वर्षे टिकली. पण कीर्तनकाराने आणि नाटक मंडळीने पेटी काही सोडली नाही. वाद्य कोठून आले यापेक्षा ते कोणाच्या हाती रुजले, हेच अखेर महत्त्वाचे ठरते.

गिटारही येथे अशीच रुजली. १९७० आणि १९७१ साली 'सिमला बीट' स्पर्धेतील भारतीय वाद्यवृंदांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. पण बहुतेकांचा भर विलायती गाण्यांच्या अनुकरणावर असे. 'हुबेहूब वाजवले' हीच मोठी शाबासकी! अशा वातावरणात १९८४ साली मुंबईत 'रॉक मशीन' हा वाद्यवृंद उभा राहिला. महेश तिनईकर, मार्क सेल्विन, जयेश गांधी, मार्क मेनेझिस ही त्यातील आरंभीची काही नावे; पुढे गायक म्हणून उदय बेनेगल आणि कीबोर्डवर झुबिन बालापोरिया आले.

आरंभी हेही इतरांचीच गाणी वाजवीत. मग त्यांनी स्वतःच्या रचनांची वाट धरली. १९८८ मध्ये 'रॉक अँड रोल रेनेगेड' आणि १९९० मध्ये 'द सेकंड कमिंग' हे त्यांचे संग्रह निघाले. यात धाडस कोणते, असे कोणी विचारील. ओळखीचे गाणे सुरू होताच श्रोता निम्मा जिंकलेला असतो. नव्या गाण्याला प्रत्येक टाळी कमवावी लागते. शिवाय आपल्याकडे बाजार चित्रपटगीतांचा. नायक-नायिकेवाचून आणि पडद्यावाचून गाणे विकणे म्हणजे छत्रीवाचून पावसात निघणेच होते.

१९९१ पासून उपग्रहाच्या दूरचित्रवाणीने एक नवी खिडकी उघडली. एमटीव्हीवर या मंडळींची गाणी दिसू लागली. १९९३ साली त्यांनी आपले नाव बदलून 'इंडस क्रीड' केले. इंडस म्हणजे सिंधू. 'मशीन' जाऊन 'सिंधू' आली, यात स्वतःची ओळख शोधण्याची खटपट आम्हांला दिसते. त्याच वर्षी त्यांच्या 'प्रिटी चाइल्ड' या गाण्याच्या चित्रफितीला आशिया विभागातील प्रेक्षकपसंतीचा एमटीव्ही पुरस्कार मिळाला. १९९५ साली वृंदाच्याच नावाचा संग्रह आला.

परंतु खिडकी उघडणारा हातच ती मिटूही शकतो. संगीतवाहिन्यांना मोठा प्रेक्षक हवा होता आणि तो हिंदीत होता. १९९६ साली एमटीव्ही भारतात स्वतंत्रपणे परतली, ती लवकरच चित्रपटगीतांकडे वळली. इंग्रजीत गाणाऱ्यांची जागा आक्रसली. १९९७ मध्ये वृंद विसर्जित झाला. बेनेगल व गांधी न्यूयॉर्कला गेले आणि तेथे त्यांनी 'आम्स फॉर शांती' हा उपक्रम मांडला. तेरा वर्षांनी, २०१० मध्ये, बेनेगल, तिनईकर व बालापोरिया नव्या साथीदारांसह पुन्हा एकत्र आले. २०१२ साली 'इव्हॉल्व्ह' हा संग्रह त्यांनी दिला.

ही कथा यशाची की अपयशाची? विक्रीच्या तराजूत तोलली तर पारडे हलके भरेल. त्यांची इंग्रजी खेड्यापर्यंत पोहोचली नाही, ही मर्यादाही मान्य केली पाहिजे. तथापि चित्रपटाच्या आश्रयाशिवाय स्वतःचे गाणे रचता येते, हे त्यांनी करून दाखवले. सावंगी (मेघे) येथे १९९० साली वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. ठिकठिकाणचे तरुण तेथे शिकावयास येतात. त्यांच्यापैकी कोणी उद्या स्नेहसंमेलनात गिटार घेऊन उभा राहिला, तर त्याची भाषा कोणती हे आपण नंतर विचारू. आधी एवढेच विचारावे : बाबा रे, हे गाणे तुझे आहे ना?