साखर, रॅम आणि माळ्यावरचा पीसी

सातारा-सांगलीकडं साखर म्हटलं की आधी कारखाना आठवतो. आज मी बोलणार आहे ती साखर संगणकातली. 'शुगर' हे लिनक्सवरच्या एका डेस्कटॉपचं नाव, आणि तो महाराष्ट्रातही येऊन गेलाय.

2007 च्या अखेरीस 'वन लॅपटॉप पर चाइल्ड'चे हिरवे-पांढरे लॅपटॉप कर्जतकडच्या एका छोट्या शाळेत आले. 433 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, 256 एमबी रॅम, 1 जीबी साठवण. तुमच्या हातातला साधा फोनसुद्धा याच्या कितीतरी पुढं आहे! त्यावरचा शुगर खास मुलांसाठी बनवलेला. एका वेळी एकच काम, तेही पूर्ण पडद्यावर. फाइल-फोल्डर शोधत बसायचं नाही. पोरानं काय केलं ते 'जर्नल'मध्ये आपोआप नोंदलं जायचं. मला ही कल्पना आजही फार आवडते. पण शुगर बराचसा पायथनमध्ये लिहिलेला, आणि त्या बारक्या प्रोसेसरला ते ओझं जड गेलं. दिसायला साधा, चालायला संथ. पुढच्या मॉडेलमध्ये रॅम वाढली आणि शुगरच्या जोडीला ग्नोमही आला.

मोठ्यांच्या लिनक्सचंही असंच झालं. केडीई आणि एक्सएफसीई 1996 चे, ग्नोम 1997 चा. 2011 मध्ये ग्नोम 3 आला आणि थ्रीडी ग्राफिक्स मागू लागला. खुद्द लिनस टोरवाल्ड्स एक्सएफसीईकडं गेला, अर्थात त्याची तक्रार वेगळी होती, त्याला कामाची पद्धतच पटली नव्हती. जुना ग्नोम आवडणाऱ्यांनी तो 'माटे' या नावानं जिवंत ठेवला.

हे आत्ता सांगायचं कारण म्हणजे 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट संपला. कराडात, मिरजेत कितीतरी घरी माळ्यावर पीसी पडून असेल, आणि त्याच घरातलं पोरगं टायपिंगच्या परीक्षेच्या सरावाला पैसे मोजत असेल. भंगारात घालायच्या आधी रॅम बघा. 2 जीबी असेल तर एलएक्सक्यूटी, 4 असेल तर एक्सएफसीई किंवा माटे. 8 असेल तर आवडेल ते घ्या. प्रोसेसर 32-बिट असेल तर मात्र पंचाईत, डेबियन 13 नंही त्याचा इन्स्टॉलर बंद केलाय. आणि डेस्कटॉप कितीही हलका घेतला तरी ब्राउझर खायचं तेवढं खातोच, तेव्हा टॅब मोजून उघडा. आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघा. आवाज, वायफाय, मराठी कीबोर्ड चालला की मगच हार्डडिस्कला हात लावा.