खेळाचे विश्व आणि कथेतील मरण

लेखक आपल्या कथेचे विश्व स्वतः निर्माण करतो, ही समजूत अर्वाचीन वाङ्‌मयविचारात इतकी रुजली आहे की, तिला अपवाद असणाऱ्या लेखनाकडे समीक्षेची दृष्टी सहसा वळत नाही. वस्तुतः मराठी वाचकाला हा अपवाद अपरिचित नाही. महाभारताची कथा मुक्तेश्वराने किंवा मोरोपंतांनी रचली नाही. ती त्यांना मिळाली. रघुनाथ पंडितांना नल-दमयंतीची कथा अशीच मिळाली. मिळालेल्या कथेत आपले असे काय घालावयाचे, एवढाच त्यांच्यापुढे प्रश्न होता, आणि त्याच्या उत्तरावरच त्यांची कवी म्हणून योग्यता ठरली. विसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत इंग्रजी भाषेत असेच मिळालेल्या विश्वात लिहिलेल्या लघुकथांचे संग्रह निघू लागले. भेद एवढाच की, या विश्वांना मालक होते. व्हिडिओ गेममधून जन्मलेल्या वैज्ञानिक विश्वांतील कथासंग्रह ही या प्रकाराची सर्वांत अलीकडची आणि सर्वांत कमी तपासली गेलेली शाखा होय.

या शाखेला पूर्वपीठिका आहे. १९७६ साली ‘स्टार ट्रेक’ या दूरचित्रवाणी-मालिकेच्या चाहत्यांनी लिहिलेल्या कथांचा ‘द न्यू व्हॉयेजेस’ हा संग्रह व्यावसायिक प्रकाशकाने काढला. १९७९ मध्ये रॉबर्ट आस्प्रिन यांनी ‘थीव्ह्‌ज वर्ल्ड’मध्ये एक कल्पित नगर उभे केले आणि त्यात निरनिराळ्या लेखकांना कथा लिहिण्यास बोलाविले. १९८७ पासून निघू लागलेल्या ‘वाइल्ड कार्ड्‌स’ या मालेचा उगम तर प्रत्यक्ष खेळात होता. जॉर्ज मार्टिन व त्यांचे लेखकमित्र एका टेबलाभोवती बसून जो भूमिकांचा खेळ खेळत असत, त्यातूनच ती निघाली. मात्र तेथे खेळणारे आणि लिहिणारे एकच होते आणि विश्वावरचा हक्कही त्यांचाच राहिला. ब्रिटनमधील ‘वॉरहॅमर’ या सोंगट्यांच्या युद्धखेळाची गोष्ट वेगळी. ‘इंटरझोन’ या विज्ञानकथांच्या नियतकालिकाचे संपादक डेव्हिड प्रिंगल यांनी १९८९ पासून त्या खेळाच्या विश्वातील कथासंग्रह संपादित केले. १९९० चा ‘डेथविंग’ हा त्यांपैकी वैज्ञानिक विश्वातला. या उपक्रमात किम न्यूमन यांनी जॅक योव्हिल या नावाने, तर ब्रायन स्टेबलफर्ड यांनी ब्रायन क्रेग या नावाने लेखन केले. कंपनीच्या विश्वात लिहिताना लेखकाने आपले नाव उंबरठ्याबाहेर ठेवावे, ही प्रथा तेव्हापासूनच दिसते.

व्हिडिओ गेमपुरते पाहिल्यास कथेचा प्रवेश १९८४ साली झाला, आणि तो गरजेपोटी झाला. केंब्रिजमधील डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या दोन विद्यार्थ्यांनी ‘एलीट’ हा अंतराळातील व्यापाराचा आणि लढाईचा खेळ रचला. ज्या घरगुती संगणकासाठी तो होता, त्याची स्मृती अवघी ३२ किलोबाइट. एवढ्या जागेत त्यांनी ८ दीर्घिका आणि प्रत्येकीत २५६ ग्रह बसविले. एवढी माहिती साठविणे अर्थातच शक्य नव्हते. ग्रहांची नावे आणि वर्णने गणिती रीतीने त्या त्या क्षणी सिद्ध होत. विश्व अफाट होते, पण त्यात कोणाला बाप नव्हता, भूतकाळ नव्हता, वैर नव्हते. ही उणीव भरून काढण्यासाठी खेळाच्या खोक्यात एक छोटे पुस्तक ठेवलेले असे: रॉबर्ट होल्डस्टॉक यांची ‘द डार्क व्हील’ ही दीर्घकथा. तिच्या प्रारंभीच नायकाचा पिता मारला जातो. खेळात यान फुटले तरी खेळणारा पुन्हा आरंभापासून निघतो. पुस्तकातला पिता मात्र परत येत नाही. खेळ आणि कथा यांच्यातले मर्म या पहिल्याच उदाहरणात स्पष्ट झाले आहे.

खेळाच्या स्वरूपातच मरण रद्द करण्याची सोय असते. खेळाडू मरतो, पडद्यावर क्षणभर काळोख होतो, आणि तोच प्रसंग पुन्हा सुरू होतो. खेळाचा आनंद या पुनरावृत्तीवर उभा आहे. ती काढून घेतली तर कौशल्य कमावण्यास वावच उरत नाही. कथेचा आधार याच्या नेमका उलट आहे. एकदा घडले ते घडले, या जाणिवेवाचून कथेतील कोणत्याही कृतीला वजन येत नाही. खेळाच्या विश्वात लिहिणाऱ्या लेखकाचे खरे काम म्हणजे ही अपरिवर्तनीयता त्या विश्वात आणणे. त्याला ते किती साधले, यावरच त्याच्या लेखनाचे मोल ठरावे.

या दृष्टीने सर्वांत अभ्यसनीय ठरतो तो २००९ सालचा ‘हेलो : इव्होल्यूशन्स’ हा संग्रह. ‘हेलो’ हा खेळ बंजी या संस्थेने रचला आणि मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २००१ मध्ये प्रकाशित केला. सव्विसाव्या शतकात मानवजात आणि एका धर्मश्रद्धेने बांधलेल्या परग्रहवासी जातींचा संघ यांच्यात चाललेले युद्ध हा त्याचा विषय. खेळणारा एका चिलखतधारी महासैनिकाची भूमिका घेतो. खेळ विक्रीस येण्यापूर्वी काही दिवस एरिक नायलंड यांची ‘द फॉल ऑफ रीच’ ही कादंबरी बाहेर पडली होती, आणि तिने या वीरामागची भयंकर हकीकत सांगून टाकली होती. सहा वर्षांची ७५ मुले शासनाने पळवून नेली. घरी त्यांच्या जागी त्यांच्या प्रतिकृती ठेवल्या, आणि त्या लवकरच मरण पावल्या. चौदाव्या वर्षी मुलांच्या देहांवर शस्त्रप्रयोग झाले. त्यांत ३० मेली, १२ कायमची पंगू झाली, आणि ३३ सैनिक म्हणून उभी राहिली. खेळात या आकड्यांना स्थान नव्हते. कथेला मात्र त्या बारांकडे पाहता येत होते.

ब्रायन एव्हन्सन यांनी ते केले. फ्रेंचमधून अनुवाद करणारे, अध्यापन करणारे आणि भयकथेला गंभीर वाङ्‌मयीन रूप देणारे लेखक म्हणून ते ओळखले जातात. या संग्रहात मात्र ते ‘बी. के. एव्हन्सन’ आहेत. त्यांच्या ‘परायाह’ या कथेचा नायक सोरेन हा शस्त्रप्रयोगात देह विद्रूप झालेला मुलगा आहे. ज्या प्रयोगाने एकाला अजिंक्य केले, त्यानेच दुसऱ्याला निरुपयोगी ठरविले. आणि निरुपयोगी ठरलेल्याला ठेवावयाचे कोठे, याचे उत्तर शासनाजवळ नाही. विजयगाथेच्या मुळाशी असलेला हा उकिरडा एव्हन्सन शांत, कोरड्या स्वरात दाखवितात.

संग्रहातील इतर कथाही वेगवेगळ्या वाटांनी याच ठिकाणी येतात. जोनाथन गॉफ यांच्या ‘हेडहंटर्स’मधील दोन महासैनिक शत्रूच्या गोटात शिरतात आणि दोघेही मरतात. फ्रँक ओ’कॉनर यांच्या कथेत शस्त्रक्रियेनंतर जागा झालेला एक सैनिक पाहतो, तो जहाजावरचे सारे सहकारी ठार झालेले आहेत; शत्रूच्या हाती पृथ्वीचा ठावठिकाणा लागू नये म्हणून जहाज उडवून देण्याची संमती देणारा माणूस तेवढा तो उरला आहे. कॅरिबियन बेटावर जन्मलेले टोबायस बकेल ‘डर्ट’मध्ये एका मरणोन्मुख सैनिकाला त्याचे सारे आयुष्य सांगावयास लावतात. जेफ व्हँडरमिअर आणि टेसा कुम यांची ‘द मोना लिसा’ एका तुरुंग-जहाजावर घडते. केव्हिन ग्रेस यांच्या ‘द रिटर्न’मध्ये तर दृष्टिकोनच पलटतो: धर्मश्रद्धेच्या आज्ञेने एक ग्रह भाजून काढणारा शत्रुपक्षाचा सेनानी, ती श्रद्धा कोसळल्यावर त्याच ग्रहावर एकटा परततो. खेळात ज्याच्यावर केवळ गोळी झाडावयाची, त्याला येथे पश्चात्तापाचा अधिकार मिळाला आहे.

नायलंड यांची कथा रचनेच्या दृष्टीने सर्वांत धीट आहे. एका कीर्तिमान नौसेनापतीचे चरित्र ती गुप्तचर खात्याच्या अहवालाच्या रूपाने मांडते. कागदपत्रे आहेत, साक्षी आहेत, टिपणे आहेत. पण सेनापती खरोखर मेला की नाही, हे निश्चित होत नाही. विश्व कल्पित असले तरी इतिहासलेखनाची अडचण खरी आहे. रॉबर्ट मॅक्लीस यांच्या ‘पॅलेस हॉटेल’मध्ये खुद्द खेळाचा नायकच येतो, त्याला बालपणी ओळखणारी एक स्त्री सैनिक त्याला भेटते. खेळात ज्याला मरण नाही, तो स्वतःच्या घरच्यांच्या लेखी कधीच मेलेला आहे. अमरत्वाची ही उपरोधिक किंमत खेळाला आपल्या साधनांनी सांगता आली नसती.

येथे एक प्रश्न उद्‌भवतो: या कथा बहुशः गौण पात्रांच्याच का आहेत? उत्तर व्यवहारात आहे. नायक हा मालकाच्या पुढच्या खेळाचे भांडवल असतो. त्याला मारण्याचा, म्हातारा करण्याचा वा बदलण्याचा अधिकार कथालेखकाला नाही. कॅरन ट्रॅव्हिस यांची ‘ह्यूमन वीकनेस’ ही कथा २००४ आणि २००७ च्या दोन खेळांमधील रिकाम्या जागेत बसते. तिचा आदि आणि अंत दोन्ही आधीच ठरलेले आहेत. लघुकथालेखकाला मध्यभाग नाकारला गेला म्हणून तो कडेला गेला, आणि कडेलाच त्याला माणसे भेटली. बंधनातून आलेले हे स्वातंत्र्य आहे. भासाला दुर्योधनाचा पराभव टाळता येत नव्हता; म्हणूनच ‘ऊरुभंगा’त त्याने आपली सारी शक्ती पराभूताच्या अखेरच्या घटकांवर खर्च केली.

परंतु साम्य येथेच संपते. भासाच्या वा मोरोपंतांच्या कथेला स्वामी नव्हता. आपण केलेला बदल रद्द ठरविणारे कोणी खाते त्यांच्या वर नव्हते. ‘इव्होल्यूशन्स’चे सर्व हक्क मायक्रोसॉफ्टकडे आहेत. अशा व्यवस्थेत खेळाचा शब्द पुस्तकाच्या शब्दावर मात करतो. २०१० साली ‘हेलो : रीच’ हा खेळ आला, तेव्हा नायलंड यांनी ९ वर्षांपूर्वी वर्णिलेल्या ग्रहपतनाशी त्याचे तपशील जुळेनात, वाचकांत वाद झाला, आणि मेळ घालण्यासाठी मागाहून खुलासे जोडावे लागले. ज्या कादंबरीने त्या विश्वाला इतिहास दिला, तिलाच नव्या इतिहासापुढे वाकावे लागले.

मालकी एकवटलेली असूनही पुढच्या संग्रहात विचार खोल गेला. २०१६ च्या ‘हेलो : फ्रॅक्चर्स’मध्ये बकेल, ट्रॉय डेनिंग, क्रिस्टी गोल्डन, केली गे अशा अनेकांच्या कथा आहेत. त्यांतल्या दोन एकत्र वाचाव्यात. या विश्वातील प्रगल्भ कृत्रिम बुद्धी मृत माणसाच्या मेंदूवरून घडविली जाते, आणि तिचे आयुष्य साधारण ७ वर्षांचे. ग्रेस यांच्या ‘अॅनारोसा’मध्ये एक सरकारी अधिकारी नुकत्याच वारलेल्या तरुणीच्या भावाकडे तिच्या मेंदूची मागणी करतो. ओ’कॉनर यांच्या ‘सेंट्‌स टेस्टिमनी’मध्ये अशीच एक कृत्रिम बुद्धी, मुदत संपत आली असता, आपल्याला जगू द्यावे म्हणून न्यायासनापुढे उभी राहते. एका कथेत मृताला उपयोगी पाडण्याचा प्रश्न, दुसरीत उपयोग संपलेल्याला संपविण्याचा. मरण रद्द करणाऱ्या खेळाच्या पोटातच मरणाच्या अधिकाराची ही चर्चा व्हावी, हे लक्षणीय आहे.

‘एलीट’चे वर्तुळ याच सुमारास पूर्ण झाले. २०१२ च्या अखेरीस त्या खेळाच्या नव्या आवृत्तीसाठी लोकवर्गणी सुरू झाली, तेव्हा वर्गणीच्या बदल्यात मिळणाऱ्या गोष्टींत त्या विश्वात अधिकृत कथा लिहिण्याचा परवानाही ठेवण्यात आला होता. काही लेखकांनी ती रक्कमही स्वतः लोकवर्गणीनेच उभी केली. २०१४ मध्ये ‘टेल्स फ्रॉम द फ्रंटियर’ हा कथासंग्रह निघाला. जेथे १९८४ साली खेळाला कथेची गरज पडली होती, तेथे ३० वर्षांनी त्या विश्वात लिहिण्याचा हक्क विकत घ्यावा लागला. लेखक आणि विश्व यांच्या नात्यातील बदल याहून थोडक्यात सांगता येणार नाही.

सोरेनची पुढची हकीकतही बोलकी आहे. २०२२ आणि २०२४ मध्ये ‘हेलो’वर आधारलेल्या दूरचित्रवाणी-मालिकेची दोन पर्वे झाली. तिच्यात सोरेन हे एक प्रमुख पात्र आहे. संग्रहाच्या कडेला, आडनावाआड लिहिलेल्या लेखकाने निर्माण केलेला पंगू मुलगा मध्यभागी आला. तो आला तो मालकाची मत्ता म्हणून. लेखकाच्या कल्पनाशक्तीचा याहून मोठा गौरव नाही, आणि तिच्या पराधीनतेचा याहून स्पष्ट पुरावाही नाही.

म्हणून अशा संग्रहांना ‘बाजारी’ म्हणून बाजूस सारणे जितके सोपे, तितकेच ते अपुरे आहे. त्यांतील पुष्कळ लेखन साचेबंद आहे, हे नाकारण्याचे कारण नाही; पंडिती आख्यानांतही साचेबंद रचना थोडी नव्हती. समीक्षेने येथे दोन हिशेब वेगळे ठेवावयास हवेत. विश्व कोणाचे, हा न्यायाचा प्रश्न आहे, आणि तो लेखकाच्या बाजूने विचारीत राहिले पाहिजे. त्या विश्वात एखाद्याचे मरण खरे झाले की नाही, हा वाङ्‌मयाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर करारपत्रात सापडत नाही. ते कथा वाचूनच द्यावे लागते. सोरेनची कथा वाचणाऱ्याला, खेळातील अजिंक्य वीर पुन्हा पाहताना, त्याच्या मागे राहिलेली बेचाळीस मुले आठवल्याशिवाय राहत नाहीत.