कोळसा संपल्यावर जमीन कुणाची?

पूर्व जर्मनीतल्या लुसातियात सोर्ब हा छोटा स्लाव समाज शतकानुशतकं शेती करत आला. जमिनीखाली तपकिरी कोळसा निघाला आणि विसाव्या शतकात सव्वाशेहून अधिक गावं पूर्ण किंवा अंशतः उठली.

जमीन सावरण्याचं कामही तिथंच झालं. १९६७ ते १९७२ दरम्यान नीम्च खाणीच्या खड्ड्यात पाणी भरून झेन्फ्टेनबर्गचा तलाव झाला. १९९० च्या एकीकरणानंतर बहुतेक खाणी बंद पडल्या, हजारोंची रोजी गेली. मग सरकारी खर्चानं वाळूचे ढासळणारे काठ घट्ट केले, आम्लयुक्त पाण्यात चुना मिसळला. आज या तलावांवरच्या पर्यटनातून काहींचं पोट भरतं.

पण होर्नो गाव परत आलं नाही. २००४ मध्ये तिथलं चर्चही पाडलं. गावकरी फोर्स्ट शहरात वसवले गेले. गावं मोडली तशी सोर्बांची भाषाही आक्रसत गेली.

चंद्रपूर-वणीच्या शेतकऱ्याला हे परकं वाटणार नाही. आपल्या १९५७ च्या कोळसा-भूसंपादन कायद्यात खाणकाम संपल्यावर जमीन मूळ मालकाला परत देण्याची तरतूद नाही. खड्डा बुजवून झाडं लावली, तरी हक्काचा सातबारा परत मिळेपर्यंत ते पुनर्वसन अर्धंच.