आनंदवनाची भाजी आणि वरोऱ्याचा बाजार

बाबा आमटे यांचे नाव निघाले की वर्गातील विद्यार्थी एकच प्रसंग सांगतात. भर पावसात रस्त्याकडेला पडलेला कुष्ठरुग्ण, त्याला पाहून भीतीने पळालेले बाबा आणि पुन्हा त्याच्याकडे वळलेली त्यांची पावले. आम्हीही कित्येक वर्षे हाच प्रसंग शिकवीत आलो. कथा म्हणून तो पूर्ण आहे. इतिहास म्हणून मात्र तो केवळ आरंभ ठरतो. करुणेने माणूस उचलला गेला, परंतु बरा झाल्यावर त्याने करायचे काय, या प्रश्नाचे उत्तर त्यात नाही.

विदर्भात या उत्तराचा शोध आधीच सुरू झाला होता. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये, तर अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये 'तपोवन' उभारून कुष्ठसेवेचा पाया घातला. दत्तपूरच्या कामातून बाबांनी धडे घेतले, कोलकात्यास जाऊन या रोगाचे शिक्षण घेतले. १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली आणि १९५१ मध्ये वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर सहा रुग्णांसह आनंदवनाचे काम सुरू झाले.

विहीर खणली गेली, पाणी लागले, भाजीपाला पिकला. येथवर श्रमाचा विजय झाला, असे म्हणता येईल. पण ती भाजी बाजारात गेली तेव्हा कोणी घेईना. आम्हाला हा प्रसंग पावसातील त्या प्रसंगाहून अधिक महत्त्वाचा वाटतो. काम करणारे हात सिद्ध झाले होते. सिद्ध व्हायचे होते ते विकत घेणारे हात. पुढे १९५० च्या दशकात 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल'चे परदेशी स्वयंसेवक आनंदवनात येऊन राहिले, रुग्णांबरोबर राबले, जेवले. ते पाहून गावकऱ्यांची भीती ओसरू लागली. ज्या माणसांना शेजाऱ्यांनी ओळखायचे, त्यांची ओळख दूरदेशीच्या पाहुण्यांनी करून द्यावी, हे आपल्या समाजाच्या दृष्टीने फारसे भूषणावह नाही.

दुसरी अडचण शरीराची होती. कुष्ठरोगाने बधिर झालेल्या बोटांना चटका कळत नाही, घट्टा पडल्याचे वा जखम झाल्याचे समजत नाही. अशा हाताला काम द्यायचे, तर कामाची रीत त्या हाताप्रमाणे बदलावी लागते. हातमाग, सुतारकाम, छपाई असे उद्योग आनंदवनात वाढत गेले. अंध, मूकबधिर, अस्थिव्यंग असलेल्यांनाही तेथे स्थान मिळाले. त्यांच्या कर्मशाळेचे नाव 'संधिनिकेतन' असावे, हे भाषेच्या अभ्यासकाने लक्षात घेण्याजोगे आहे. त्या नावात दयेचा उच्चार नाही. १९६० च्या दशकात याच परिसरात महाविद्यालय सुरू झाले. त्याच्या भिंती रचण्यात बऱ्या झालेल्या कुष्ठरुग्णांचे हात होते. ज्या गावाने भाजी नाकारली, त्या गावाची मुले त्या भिंतींच्या आत शिकू लागली.

तथापि एक मर्यादा मान्य केली पाहिजे. आनंदवनाने काम दिले, ते वेगळ्या वसाहतीत. गावातल्या कचेरीत, दुकानात, शाळेत तोच माणूस रोज कामावर यावा, ही पुढची पायरी होती. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने सरकारी नोकऱ्यांत तीन टक्के जागा राखल्या आणि नोकरीत असताना अपंगत्व आलेल्यास कामावरून काढू नये, असे सांगितले. २०१६ च्या कायद्याने राखीव जागांचे प्रमाण चार टक्के केले आणि कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्यांचा त्यांत स्पष्ट समावेश केला.

कायद्याने दार उघडते. आत आलेल्याशी वागायचे कसे, हे आपल्यालाच ठरवावे लागते. आमच्या परिचयाच्या एका महाविद्यालयात दृष्टिहीन प्राध्यापक रुजू झाले. पुष्पगुच्छ देऊन त्यांचे स्वागत झाले. पण पदव्युत्तर वर्ग काही वर्षे त्यांच्या वाट्याला आला नाही. 'त्यांना त्रास कशाला' असे सारे म्हणत. आम्हीही तेव्हा गप्प राहिलो. पगार चालू होता, काम मात्र काढून घेतले गेले होते. वरोऱ्याच्या बाजारात भाजी न घेणाऱ्यांना आम्ही वर्गात सहज दोष देतो. त्या बाजारात आम्हीही उभे होतो, हे आता कबूल केलेले बरे.