शेवटच्या कडव्यातला वामन

नंदुरबार जिल्ह्यातलं रनाळे असो की मुंबईतली एखादी चाळ, १४ एप्रिलच्या सुमारास कर्ण्यावर भीमगीतं लागली की वामनदादा कर्डकांचं एखादं गाणं कानी पडतंच. गायकाचं नाव लोक ओळखतात. रचणाऱ्याचं ओळखतातच असं नाही.

सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १५ ऑगस्ट १९२२ रोजी दादांचा जन्म झाला. मुंबईत आले तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. कुणीतरी पत्र वाचायला दिलं, ते वाचता आलं नाही, आणि ती बोच मनाला लागली. मग दुकानांच्या पाट्या वाचत ते जोडाक्षरांपर्यंत पोचले. १९४३ साली पहिलं गीत रचलं आणि पुढं सारं आयुष्य बाबासाहेबांचा विचार गात गावोगाव फिरले.

इथं दक्षिण आफ्रिकेतल्या लकी दुबेची आठवण होते. १९६४ साली जन्मलेला हा गायक आधी झुलू भाषेतलं लोकप्रिय संगीत गात असे. पुढं तो जमैकाच्या गरीब वस्त्यांतून आलेल्या रेगेकडे वळला. १९८४ सालच्या त्याच्या 'रास्ताज नेव्हर डाय' या ध्वनिमुद्रिकेवर वर्णद्वेषी राजवटीनं बंदी घातली. पण १९८७ सालच्या 'स्लेव्ह'नं त्याला मोठी लोकप्रियता दिली. २००७ साली जोहान्सबर्गमध्ये त्याची गोळ्या घालून हत्या झाली. तरी वेष्टनावरचं नाव आणि आतला आवाज, दोन्ही त्याचेच राहिले.

दादांचं तसं नाही. त्यांची गाणी ध्वनिमुद्रित झाली ती बहुतेक दुसऱ्यांच्या गळ्यातून. 'वाटचाल', 'मोहळ' असे संग्रह निघाले. पण गाणं ऐकणारा प्रत्येकजण पुस्तक कुठं उघडतो?

तरीही नाव टिकलं, ते एका जुन्या युक्तीनं. तुकोबा, चोखोबा अभंगाच्या शेवटी आपली मुद्रा ठेवत. तसंच दादाही शेवटच्या कडव्यात 'वामन' गुंफत. कागद हरवला, तरी गाणाऱ्याच्या तोंडून कवीचं नाव निघायचंच.

मात्र वेळ वाचवण्यासाठी शेवटचं कडवं गाळलं, की कवीच गळतो. शिकायला शाळा न मिळालेल्या माणसानं कष्टानं कमावलेली ती सही आहे. १५ मे २००४ रोजी दादा गेले. त्यांचं गाणं म्हणाल तेव्हा एवढंच करा: ते पुरं म्हणा.